भिंतीपलीकडची पाने

डोंगराच्या पोटाशी वसलेल्या एका गावात भिवरा नावाची एक कुंभारीण राहत होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हते. त्याच्यामागे चाक तिनेच चालवले. घरात ती, तिची मडकी आणि एक पांढरी शेळी, एवढाच संसार.

एकदा बंदराकडून आलेला एक व्यापारी घाट चढताना तिच्या दारी पाणी प्यायला थांबला. जाताना त्याने तिच्या हातावर एक फळ ठेवले. वरून खरबरीत, काळपट हिरवे. आत पिवळसर गर, लोण्यासारखा मऊ. शहरात आता त्याला अ‍ॅव्होकाडो म्हणतात. त्या गावाने असले फळ कधी पाहिले नव्हते. भिवराने चव घेतली आणि आपणच त्याचे नाव ठेवले, लोणीफळ. आत मोठ्या लिंबाएवढी बी निघाली. ती फेकायला तिचा हात होईना.

व्यापाऱ्याने जाता जाता सांगितले होते, बी अर्धी पाण्यात ठेव आणि अर्धी बाहेर. भिवराने बीला चहूबाजूंनी बाभळीचे काटे टोचले आणि काट्यांच्या आधाराने ती एका छोट्या मडक्याच्या तोंडावर बसवली. खालची रुंद बाजू पाण्याला टेकलेली, निमुळते टोक वर. ती रोज पाणी बदलायची आणि रोज वाकून बघायची. बी होती तशीच. शेजारणी विचारायच्या, भिवरा, तुझी बी रुसली का गं? ती नुसती हसायची. बऱ्याच दिवसांनी एका सकाळी बी मधोमध चिरली आणि तिच्यातून पांढरे मूळ डोकावले. पुढे तांबूस कोंब आला. कोंब वीतभर वाढला तेव्हा भिवराने जीव घट्ट करून त्याचा शेंडा खुडला, म्हणजे त्याला फांद्या फुटाव्यात. मग मोठी कुंडी, खाली खापऱ्या आणि वाळू, म्हणजे मुळाशी पाणी साचू नये. रोप कुंडीत मावेना तेव्हा तिने ते परसात, मागच्या भिंतीजवळ लावले.

वर्षे गेली. उन्हाळ्यात तिने झाडावर गोणपाट बांधले, थंडीत बुंध्याशी पाचोळा पसरला. झाड छपराच्या वर गेले. त्याला बहर मात्र येत नव्हता. गाव म्हणायचे, वांझ झाड आहे, सरपण कर त्याचे. वांझ हा शब्द भिवराला आपल्यालाच म्हटल्यासारखा लागायचा.

आणि एका वर्षी थंडी सरता सरता झाड मोहरले. फिकट हिरव्या फुलांचे घोस फांद्याफांद्यांवर लागले, मधमाश्या गुणगुणू लागल्या. भिवराला वाटले, घरात पाळणा हलला. तिने त्या दिवशी गूळ वाटला.

बहर आला तशी झाडाची जुनी पाने गळू लागली. परसात ढीग साचायचे. भिवरा रोज सकाळी झाडून ते टोपलीने मागच्या भिंतीपलीकडे टाकून द्यायची. पलीकडे एक अरुंद बोळ होता. त्याच बोळातून गावाच्या शेळ्या डोंगरावर चरायला जात.

शेळ्या राखायचा तो कोंडाजी. दुष्काळात आपला मुलूख सोडून बायको आणि लहान मुलीसह तो या गावात आला होता. त्याची झोपडी वर डोंगराच्या उतारावर होती. सकाळी तो खाली उतरायचा, गावाच्या शेळ्या गोळा करून बोळातून वर न्यायचा. त्याच्या स्वतःच्या शेळ्या वर झोपडीपाशीच असायच्या आणि तिथूनच कळपात मिसळायच्या.

बहर ऐन भरात असताना पाटलांच्या शेळीचे दूध एकाएकी आटले. कास दगडासारखी कडक झाली. पाठोपाठ आणखी घरांतून तीच तक्रार आली. काही शेळ्यांच्या माना सुजल्या, त्या धापा टाकू लागल्या. वैद्याने काढे पाजले, कुणी अंगारा लावला. उतार पडेना. मग एक शेळी मेली, तिच्यामागून दुसरी. त्या गावात लहान मुलांच्या पेल्यातले दूध शेळीचेच असायचे. मुले रडू लागली आणि मोठ्यांची डोकी तापू लागली.

अशात कुणाच्या तरी लक्षात आले की कोंडाजीच्या शेळ्या ठणठणीत आहेत. झाले, एवढे पुरे होते. हा गावाच्या शेळ्यांना काहीतरी चारतो, म्हणजे गावाला दूध याच्याकडूनच घ्यावे लागेल, असे बोलणे घराघरांत सुरू झाले. त्याच्या मुलीला बाकीची मुले खेळात घेईनात. विहिरीवर त्याच्या बायकोसाठी कुणी जागा करेना.

भिवरालाही ते खरे वाटले. तिने आपली शेळी कळपात धाडणे बंद केले आणि परसात झाडाच्या बुंध्याला बांधून ठेवली. शेळी खाली पडलेली पाने खाई. चाऱ्याची सोय आपोआप झाली म्हणून भिवरा खूश होती.

मग एका सकाळी ती धार काढायला बसली आणि तिचा हात थबकला. कास गरम होती, दगडासारखी कडक. बरेच ओढून चार पाणचट थेंब आले. शेळीने मान वळवून तिच्याकडे पाहिले. तिच्या ओठांत लोणीफळाच्या पानाचा देठ होता.

ही शेळी कोंडाजीबरोबर गेलीच नव्हती. भिवराने भिंतीकडे पाहिले. भिंतीवर चढून तिने पलीकडे वाकून पाहिले. बोळात तिने टाकलेल्या पानांचा ढीग अर्धा खाल्लेला होता आणि त्यात शेळ्यांच्या लेंड्या पडल्या होत्या.

त्याच दुपारी चावडीवर गाव जमले. भिवरा बायकांत मागे बसली. कोंडाजी मध्ये उभा होता. त्याने सांगितले की गवत तेच आहे, झराही तोच आहे, त्याला स्वतःलाच काही उमगत नाही. पाटील तसा न्यायी माणूस होता. त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारले, "जी शेळी कोंडाजीच्या हाताखाली गेली नाही आणि तरीही आजारी पडली, अशी कुणाची आहे का? असेल तर आत्ता बोला. याच्या घरादाराचा प्रश्न आहे."

भिवराच्या डोळ्यांसमोर फुलांचे घोस आले. आपण बोललो तर आज संध्याकाळी कुऱ्हाडी परसात येतील, हे तिला स्वच्छ दिसत होते. पाटलाची नजर तिच्यावरून पुढे सरकली. ती पदराचे टोक मुठीत धरून बसून राहिली.

कुणीच बोलले नाही. मग ठरले की दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत कोंडाजीने गाव सोडावे आणि त्याच्या शेळ्या गावाने ठेवून घ्याव्यात.

घरी येताच भिवराने बोळातली सगळी पाने गोळा केली आणि परसात खड्डा करून पुरली. शेळी झाडापासून दूर बांधली, तिच्यापुढे गवत टाकले. तिने मनाची समजूत घातली की आता शेळ्यांच्या तोंडी पान लागणार नाही, त्या आपोआप बऱ्या होतील. मग सांगून कुणाचे काय भले होणार? कोंडाजी काय, फिरस्ता माणूस, दुसरीकडे पोट भरेल. पण रात्रीची भाकरी तिने तशीच झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात सावली पडली. कोंडाजी उभा होता. त्याच्या हातात एक तांब्याची घागर होती, त्याच्या बायकोने मागे कधीतरी उसनी नेलेली. घासून लख्ख केलेली.

"ही तुझी, मावशी. राहून गेली होती," तो म्हणाला.

भिवराने घागर घेतली. तो वळला आणि पुन्हा थांबला.

"तुझी शेळी बरी आहे ना?"

"बरी आहे," भिवरा म्हणाली.

"तेवढं बरं झालं. तुझी एकुलती एक." आणि तो बोळाच्या दिशेने निघून गेला.

भिवरा उंबऱ्यातच बसली. सावल्या लांबत चालल्या होत्या. डोंगरावरून शेळ्यांचा आवाज आला. गावची माणसे कोंडाजीच्या शेळ्या हाकून आणत होती. त्यांच्यामागून लहान मुलीचे रडणे ऐकू आले. ती एका करडाचे नाव घेऊन हाका मारत होती.

भिवरा उठली. शेळीला चालवेना, म्हणून तिने ती खांद्यावर घेतली आणि वेशीकडे पळत सुटली.

वेशीपाशी अख्खे गाव होते. कोंडाजीची बायको डोक्यावर बोचके घेऊन उभी होती. भिवराने शेळी पाटलाच्या पायांपाशी ठेवली. भिवराला धाप लागली होती.

"ही शेळी कळपात गेली नाही," ती म्हणाली. "हिने माझ्या झाडाचा पाला खाल्ला. तोच पाला मी बोळात टाकत होते. तुमच्या शेळ्या माझ्यामुळं मेल्या."

आधी कुणाचा विश्वास बसेना. काही जण म्हणाले, बाईला कोंडाजीची दया आली म्हणून रचून सांगते आहे. मग पाटलाने शेळीची कास चाचपली आणि तो भिवराच्या परसाकडे चालू लागला. तिने खड्डा उकरून पाने दाखवली. शेजारणीने साक्ष दिली की ही शेळी कितीतरी दिवस परसातच बांधलेली होती. तोवर दोघेतिघे कुऱ्हाडी घेऊन आले होते. भिवरा झाडापासून बाजूला झाली. तिने कुणाला अडवले नाही.

पाटील म्हणाला, "थांबा. ज्याच्यावर अन्याय झाला तो सांगेल काय करायचं."

कोंडाजी भिवराकडे बघत होता. मग त्याने विचारले, "तुला कधी कळलं?"

"काल सकाळी."

चावडी भरली होती ती काल दुपारी, हे सगळ्यांना ठाऊक होते.

"झाड तोडू नका," कोंडाजी म्हणाला. "त्याला तोंड नाही. तोंड हिला होतं." मग तो गावाकडे वळला. "आणि तुम्हालाही होतं. माझ्याच शेळ्या बऱ्या कशा, हे एकानंही मला येऊन विचारलं नाही. आपसातच ठरवून टाकलंत."

कुऱ्हाडी खाली आल्या. पाटलाने सगळ्यांसमोर हात जोडले आणि राहण्याची विनंती केली. कोंडाजी म्हणाला की ते त्याची बायको ठरवेल. ती अजून वेशीवरच बोचके घेऊन उभी होती. तिने सांगितले की ज्यांनी शेळ्या खाली आणल्या त्यांनीच त्या वर पोचवाव्यात. गावाने त्या पोचवल्या. सगळ्यात जड बोचके भिवराने डोक्यावर घेतले आणि अंधार पडेपर्यंत ती डोंगर चढत राहिली.

गावाच्या आजारी शेळ्या हळूहळू सावरल्या. भिवराची शेळी वाचली नाही. परसाची भिंत तिने स्वतःच्या हाताने उंच केली, बोळावर आलेल्या फांद्या छाटल्या. पडलेले प्रत्येक पान ती उचलून पुरू लागली. कोंडाजी वाटेत भेटला की बोलायचा. त्याची बायको मात्र तिला पाहिले की तोंड फिरवायची.

त्या वर्षी झाडाला मोजकीच फळे धरली. झाडावर ती मऊ होईनात, तेव्हा भिवराने तोडून गवतात ठेवली आणि पिकल्यावर त्यांतली चांगली निवडून ती डोंगरावर गेली. कोंडाजीच्या बायकोने फळे घेतली नाहीत आणि परत जा असेही म्हटले नाही. भिवरा दारात उभी राहिली. चुलीवरची भाकरी उलटून झाल्यावर ती बाई मान वर न करता म्हणाली, "उन्हात उभी राहू नको. आत येऊन बस."

पुढे लोणीफळाची कीर्ती आसपासच्या गावांत गेली. लोक रोपे मागायला येऊ लागले. भिवरा आधी त्यांना ओट्यावर बसवी आणि पाल्याने काय होते ते सांगे. मेलेल्या शेळ्यांचे सांगे, आणि चावडीवर आपण पदर मुठीत धरून गप्प बसलो होतो तेही सांगे. काही जण ऐकून रोप न घेताच उठून जात. ती त्यांना थांबवत नसे.

तात्पर्य: आपल्या हातून झालेली चूक ज्या घटकेला कळते, त्याच घटकेला ती बोलून दाखवावी, कारण आपण गप्प राहिलो तर तिची शिक्षा निरपराध माणूस भोगतो.