नऊ पेडांचा पूल

फार जुना काळ होता. इतका जुना, की खोटं बोलताना माणसांची जीभ अडखळायची. आता किती वर्षं झाली असतील, तुम्हीच अंदाज करा.

त्या काळी एका खोल दरीच्या काठावर एक कूळ राहत होतं. नऊ घरं होती, आणि नऊही घरं बायकांची. घर आईचं, शेत आईचं, पोराच्या नावापुढे नावही आईचंच. मुली जन्मभर माहेरी राहायच्या आणि मुलगे लग्न करून बायकोच्या घरी नांदायला जायचे. निघताना खांद्यावर कांबळं टाकून आईच्या गळ्यात पडून असे रडायचे, की बघणाऱ्यांना हसू आवरायचं नाही. हसताय काय, बाप्यांनो? तिथल्या सासवा तुम्हाला भेटल्या नाहीत, हे नशीब समजा.

या कुळात सगळ्यांच्या वर एक बाई असायची. तिला थोरआई म्हणत. तिचा शब्द शेवटचा.

घरं दरीच्या अलीकडे, शेतं पलीकडे. पेरणी करून माणसं अलीकडे परतायची, आणि राखणीला चार गडी तेवढे पलीकडे राहायचे. पावसात जुना पूल कुजून दरीत पडायचा. पाऊस सरला, की पिकलेलं पिवळं गवत कापून प्रत्येक घर एकेक पेड वळायचं. नऊ पेड एकत्र पिळले, की पुलाचे दोर तयार व्हायचे. पूल झाला, की कापणी. कापणी झाली, की वर्षाचं अन्न घरात.

पेड पारखायचं काम थोरआईचं. ती डोळे मिटून पेड दोन्ही हातांतून ओढून बघायची आणि म्हणायची, "घेतला." मग त्यावर कुणी तोंड उघडायचं नाही. ज्या घराचा पेड परत जाई, त्या घराला वर्षभर पंचायतीत बसायला जागा नसे.

पण जुन्या बायका हुशार होत्या. एवढा मोठा अधिकार त्यांनी मोकळा सोडला नव्हता. नव्या पुलावरून सगळ्यांत आधी थोरआईनं जायचं, आणि जाताना कुळातलं सगळ्यात लहान मूल पाठीला बांधून न्यायचं, अशी रीत होती.

त्या वर्षी आठ घरांचे पेड आले. थोरआईनं आठही घेतले. नववा तिच्या धाकट्या बहिणीचा. धाकटी उशिरा धापा टाकत आली. तिच्या मुलाची पाठवणी होती. जेवणावळी लांबल्या, तोवर पिवळं गवत बाकीच्यांनी कापून नेलं. मग तिनं ओढ्याकाठचं हिरवं गवत कापलं, चुलीवर शेकलं आणि वळून आणलं.

थोरआईनं डोळे मिटले. पेड हातांतून सरकू लागला. वरून खरखरीत, आत मात्र गार आणि मऊ. तिची बोटं थांबली.

"अक्का," धाकटी हळूच म्हणाली, "पोराला वाटेला लावता लावता जीव अर्धा झाला बघ माझा. तू तरी सांभाळून घे."

थोरआईला ती लहानपणी कडेवर घेऊन फिरवलेली धाकटी दिसली. पंचायतीबाहेर मान खाली घालून बसलेली दिसली. आठ पेड पक्के आहेत, एकानं काय होतंय, असं तिनं मनाला सांगितलं.

"घेतला," ती म्हणाली.

टोकाच्या घरची कारभारीण पुढे झाली. ही बाई फटकळ होती. खरं बोलायची, आणि वर हसायचीही नाही. म्हणजे कुणालाच न आवडणारी.

"थोरआई, पुन्हा एकदा हात फिरव."

"माझ्या हातावर संशय घेतेस?"

"हातावर नाही," टोकाघरची म्हणाली आणि मागे सरली.

कुळातलं सगळ्यात लहान मूल तेव्हा त्या टोकाघरचीचाच नातू होता. खरं सांगायचं, तर थोरआईच्या हे मनातही आलं नाही.

दोर पिळून पूल बांधेपर्यंत थोरआईची लेक बाळंत झाली. मुलगी झाली! घराला वारस मिळाली. ढोल वाजले, गूळ वाटला गेला. थोरआईचा एक भाऊ होता. बायको वारल्यावर कांबळं घेऊन माहेरी परतला होता, आणि सगळ्या पोरांचा लाडका मामा होऊन बसला होता. तो नाचत नाचत आला.

"अक्का, ओळख बघू, आता कुळात सगळ्यात लहान कोण?"

थोरआईच्या तोंडातला गूळ तोंडातच राहिला.

पुलाचा दिवस उजाडला. सगळं कूळ काठावर जमलं. पलीकडे पीक वाऱ्यावर डोलत होतं, राखणीचे गडी हात हलवून हाका मारत होते. थोरआई एकटीच घरातून बाहेर आली.

"ओली बाळंतीण आहे," धाकटी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आणि वारा केवढा गार! टोकाघरचं बाळ घे की. परवापर्यंत तेच लहान होतं."

बायकांनी माना डोलावल्या. कुणाला राग आला नाही, कुणाला आश्चर्य वाटलं नाही. थोरआईनं तोंडातून शब्दही काढला नव्हता, आणि निमित्त आयतं तिच्या हातात पडलं होतं.

टोकाघरचीनं नातू आणला आणि थोरआईच्या पाठीला बांधला. गाठ ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली.

"तू घेतलेला दोर आहे," ती म्हणाली. "मी काय बोलणार?"

बाळाची आई पाठ फिरवून उभी होती.

थोरआईनं पुलावर एक पाऊल टाकलं. दोर करकरला. पाठीवरच्या बाळानं तिचे केस मुठीत धरले आणि मानेवर गाल टेकून ते झोपी गेलं. कुणाच्या पाठीवर आहोत, हे त्याला कुठं ठाऊक होतं? पाठ ऊबदार होती, त्याला तेवढं पुरे होतं.

थोरआई तिथंच उभी राहिली. नातीला मी का आणलं नाही? वाऱ्यासाठी? या प्रश्नाचं उत्तर जगात एकट्या तिलाच माहीत होतं. दुसरं पाऊल उचलेना.

ती मागे फिरली. बाळ सोडून टोकाघरचीच्या हातात दिलं.

"पूल तोडा."

"अक्का, वेड लागलं का? पलीकडे पीक उभं आहे! आता पिवळं गवत कुठून आणायचं?" धाकटी ओरडली.

"माझी नात घेऊन मी या पुलावर गेले नसते," थोरआई म्हणाली. "पेड कच्चा आहे. माझ्या हाताला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?" टोकाघरचीनं विचारलं.

"बहीण होती माझी."

एवढं बोलून तिनं कमरेचा विळा काढला आणि दोरांवर चालवला. पूल खाली लोंबकळला. माणसांनी अलीकडे उरलेला दोराचा तुकडा उकलला. हिरवा पेड आतून काळा पडला होता, आणि शेजारच्या पेडांनाही बुरशी चढली होती.

त्या वर्षी कुळानं उपास काढले. राखणीच्या चौघांनी जमेल तेवढं पीक कापलं, बाकीचं पाखरांनी खाल्लं. बाणाला बारीक सुतळी बांधून दरीपार सोडली, आणि तिच्यावरून मुठीएवढ्या पुरचुंड्या अलीकडे येऊ लागल्या. जड पुरचुंडी बांधली, की सुतळी तुटे. थोरआई थोरआई राहिली नाही. ती जागा तिनं स्वतःहून टोकाघरचीला दिली. मग थंडीभर ती काठावर बसून ती सुतळी ओढत राहिली. तळहात सोलवटले, तरी उठली नाही. धाकटी पहिल्यांदा रुसली, मग लाजली, आणि एके दिवशी मुकाट्यानं येऊन तिच्या शेजारी सुतळी ओढायला बसली.

मामा त्या थंडीत गेला. आपल्या वाटणीची भाकरी तो पोरांना देत होता, आणि "मला ढेकर आलाय" असं सांगून त्यांना हसवत होता. सगळ्यांना फसवण्याची खोड त्याला पहिल्यापासून होती. या वेळी मात्र कुणाला वेळेवर कळलं नाही. थोरल्या बहिणीनं त्याच्या तोंडात पाणी घातलं आणि त्याचं कांबळं पोरांवर पांघरलं.

पण कुळातलं एकही मूल दरीत पडलं नाही.

तात्पर्य: ज्या पुलावर आपलं मूल न्यायला मन धजत नाही, त्या पुलावर दुसऱ्याचं मूल नेऊ नये.