पोटातला हुंकार

एकदा काय झालं, डोंगराच्या कुशीत एक झोपडं होतं. तिथं ठकू नावाची धनगरीण राहायची. नवरा धुळा मेंढरं घेऊन दूर चराईला गेलेला. ठकूला दिवस गेलेले, पण जवळ बोलायला माणूस नाही. मग ती दिवस दिवस तोंडच उघडायची नाही.

झोपड्यामागं काळा डोह होता, बरं का. एका संध्याकाळी तिकडून बाईचा आवाज आला. ओला, हळू.

"ऐकतंय ना माझं पिल्लू? उजेड वाईट. पाणी चांगलं."

आणि ठकूच्या पोटातून कुणीतरी म्हणालं, "हूं."

तव्यावरची भाकरी तव्यावरच करपली.

दुसऱ्या संध्याकाळी आवाज कुडाला टेकला. "आई वाईट. मी चांगली."

"हूं," पोटातून आलं.

सकाळ होताच ठकू धावली ती खालच्या वाडीतल्या म्हाकू सुईणीकडे, आणि तो आवाज, तो हुंकार, सगळं तिनं सांगितलं. म्हाकूआजीनं पोटाला कान लावला आणि झटकन मागं घेतला.

"पोराची शाळा सुरू झाली गं."

"आत्ता? अजून जलमाला यायचंय की त्ये!"

"पोटात कान आले की पोर शिकाया लागतं. तू मुकी बसलीस. मग जी बोलंल, तिचं ते व्हणार. ती डोहातली हाय. पोटुशी असताना बुडाली बिचारी."

"मला काय येतं शिकवाया?"

"येतं त्येच सांग. पर बोल!"

मग तिसरी संध्याकाळ आली. दार लावलेलं होतं, तरी जमिनीवर ओली पावलं उमटली. बाई दिसेना, नुसती पावलं. थेट ठकूजवळ येऊन थांबली.

"चल पिल्ला, तिला घेऊन पाण्यात ये."

आणि ठकूचे पाय आपोआप दाराकडे निघाले! तिनं मधल्या मेढीला, झोपडं पेलणाऱ्या खांबाला, मिठी मारली. आणि ती बोलू लागली.

"बाळा, ही मेढ. तुझ्या बानं रानातनं आणली. ही चूल. ऊब देती, पर हात लावू नगंस."

पाय थांबेनात.

"एक कोकरू व्हतं बाळा. कळपातनं चुकलं…"

पाय जरा मंदावले.

"अंधार पडला. झाडीत लांडग्याचं डोळं चमकलं…"

ठकूला धाप लागली. ती थांबली. मग कुणीतरी विचारलं, "मग?"

पोटातून नव्हे हं. ओल्या पावलांजवळून.

ठकूनं मेढ आणखी घट्ट धरली. पण ती म्हणाली, "बस बाई. सांगते." मग तिनं सांगितलं, मेंढी कशी रानभर ओरडत फिरली, आणि अंधारात काही दिसत नसताना कोकरू नुसत्या आवाजामागं कसं चालत गेलं.

"घावली त्याला आई?"

"घावली."

एक लांब सुस्कारा आला. पोटातून हळूच "हूं" आलं. आणि ती पावलं वळली, दाराबाहेर गेली, ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी ठकूनं डोहाकाठी त्या बुडालेल्या बाईची ओटी भरली. पुढं मुलगी झाली. डोळे उघडायच्या आधीच तिनं ठकूच्या आवाजाकडे मान वळवली. धुळा परत आला, घरात बोलणं-हसणं झालं, आणि तिघं सुखानं राहिली.

चला, पाय पांघरुणात घ्या बघू. मिटा डोळे.