माहिती देणाऱ्याची सही

“त्या तुकड्यात लुपस दिसला होता का नव्हता?”

चार डॉक्टरांना विचारून झालं होतं. कुणी सांगितलं नाही. अंगच अंगावर उलटतं तसला हा रोग कातडीवरनं मूत्रपिंडात उतरला आणि अक्का गेली. घरात आम्ही दोघं भावंडंच, आता बोलायला दुसरं कुणी नव्हतं. म्हणून, तिच्या गालाचा तुकडा ज्यांनी तपासला त्या हळबे सरांकडे सांगलीला गेलो.

सरांनी काचपट्टी शोधून दुर्बिणीखाली ठेवली. “बघ.”

गुलाबी, जांभळं. अक्का कुठंच नव्हती.

“मला काय कळतंय? सातवी नापास माणूस मी. तुम्ही सांगा.”

“कातडीच्या वरच्या थराचा तळ उसवलाय. केसांच्या मुळाशी पेशींची गर्दी आहे. लुपसात असं दिसतं... काही औषधांच्या पुरळातही दिसतं.”

“म्हंजे तुम्हालाबी कळलं नाही! मग ही दुर्बीण काय पूजेला ठेवलीय?”

“मी शेरा दिला होता, ‘लक्षणांशी ताडून पाहा.’”

“कुणी ताडायचं?”

सरांनी फायलीतून एक कागद काढला. तुकड्याच्या बाटलीबरोबर मी भरून दिलेला फॉर्म. ‘त्रास कशाने होतो’ यापुढं माझंच वाकडं अक्षर : हळदीनं अंगावर उठतं.

अक्का हळद वाळवायच्या कामाला जायची. तिथल्या बायका तसंच म्हणायच्या. मीही तेच लिहिलं.

“घरी हळद कुटायची का ती?”

“दरसाल. पायलीभर.”

“तेव्हा चेहरा?”

“तेव्हा काही नाही. घरात असली की...”

मी थांबलो.

“ऊन,” मी म्हणालो. “ऊन होतं ते.”

सरांचं पेन हिसकून मी ‘हळद’ खोडायला गेलो. सरांनी मनगट धरलं.

“लुपस उन्हानंच चाळवतो. पण खोडू नकोस. पुढं लिही.”

मी लिहिलं. ऊन. तोंडातले फोड. उशीवरचे केस. सकाळी मूठ वळायची नाही, तर मी तिची वेणी घालायचो, तेही लिहिलं. पान भरलं. ती असताना तिच्याविषयी एवढं मी कुणाला सांगितलं नव्हतं.

सरांनी सगळं वाचलं. दुर्बिणीला पुन्हा डोळा लावला. बराच वेळ...

“आता काय दिसतंय?”

“तेच.”

“सर, माझ्यामुळं गेली का ती?”

त्यांनी कागद माझ्याकडं फिरवला. तळाशी ‘माहिती देणाऱ्याची सही’. तिथं माझी एकट्याची.

“शेजारी जागा आहे,” सर म्हणाले. “विचारलं मीही नव्हतं. माझं नाव लिही.”