काशिबाचा हिरवा पुरवठा

एका गावात एक भोळा पुरवठादार राहत होता. भोळा आणि पुरवठादार हे दोन शब्द शेजारी शेजारी बसत नाहीत, हे मलाही कळतं. पण होता. गावाचं नाव सांगत नाही, ज्याला त्याला आपलंच वाटेल. पुरवठादाराचं नाव काशिबा खुरपे.

काशिबा आपल्या बैलगाडीतून नगरपरिषदेला झाडू, टोपल्या, चुना, कागद, लागेल ते आणून द्यायचा. एवढ्या भोळ्या माणसाला ठेका मिळाला कसा? तर ठेके वाटले त्या आठवड्यात अध्यक्ष तात्यासाहेबांचे मेहुणे विलासराव तिरुपतीला गेले होते. परत आल्यापासून ते काशिबाच्या ठेक्याकडे मांजरासारखे बघत होते. त्यांचा स्वतःचा धंदा प्लास्टिकचा.

एक दिवस वरून हुकूम आला. यापुढे नगरपरिषदेची खरेदी पर्यावरणपूरक हवी, आणि पुरवठादारांना तसं शिकवायला हवं. लगेच सभागृहात प्रशिक्षण ठेवलं. प्रत्येकाला प्लास्टिकच्या फायलीत एक कागद आणि प्लास्टिकच्या बाटलीत पाणी मिळालं. मागे भलामोठा फ्लेक्स होता, ‘प्लास्टिक टाळा’. तो विलासरावांनीच पुरवला होता.

शिकवायला खरेदी विभागाच्या चांदोरकर मॅडम होत्या. बाई नवीन होत्या, म्हणून मनापासून बोलत होत्या. बाकीचे पुरवठादार अनुभवी होते, म्हणून झोपले होते. एकटा काशिबा ऐकत होता. इथेच सगळं बिघडलं.

“यापुढे माल वेष्टनात आणायचा नाही,” मॅडम म्हणाल्या. “पिशवी नको, कागद नको, पोतं नको. माल उघडा आणायचा.”

काशिबानं घरी जाऊन बायकोला सांगितलं. सगुणा शहाणी होती. ती म्हणाली, “ह्यो ठेका गेला तर चूल पेटायची न्हाई. मॅडम सांगत्याल तसंच करा. आपलं डोकं मधी घालू नगा.”

“न्हाई घालत,” काशिबा म्हणाला. आणि त्यानं शब्द पाळला.

पहिली मागणी आली गटारांवर टाकायच्या चुन्याची. काशिबानं चुन्याची भुकटी गाडीत उघडी ओतली आणि भर बाजारातून निघाला. वारा सुटला. माणसं, कोंबड्या, वांगी, पोलीस, सगळं एका रंगाचं झालं. गावात सगळे लोक एकसारखे दिसण्याची ती पहिलीच वेळ. नगरपरिषदेत पोचली ती रिकामी गाडी आणि पांढरा बैल.

“अरे काशिबा, चुना कुठाय?”

“समद्या गावाला लागला, मॅडम. तुमीच म्हन्ला व्हता, उघडा आना.”

गावाला चुना लावण्याचा मान आजवर नगरपरिषदेचा होता, त्यामुळे तात्यासाहेबांना ते फार झोंबलं. मॅडमनी कपाळाला हात लावला. “अरे बाबा, भुकटी उडते. यापुढे माल आधी पाण्यात भिजवायचा, चांगला कालवायचा आणि मग आणायचा. कळलं?”

“कळलं, मॅडम.”

पुढची मागणी आली कागदाची. रद्दीपासून बनवलेला, झाड न तोडता तयार झालेला, असा खास कागद. काशिबानं तो लांबच्या कारखान्यातून आणला, घरच्या हौदात भिजवला आणि सगुणा पीठ मळते तसा मळला. तीन घमेली भरली. वरून ओलं फडकं टाकायला तो विसरला नाही.

मॅडमनी फडकं उचललं. “हे काय आहे?”

“कागुद, मॅडम. कालवलाय. गुठळी न्हाई एक.”

विलासराव तिथेच तात्यासाहेबांशेजारी बसले होते. ते हसत म्हणाले, “दाजी, यावर सह्या कुठं करायच्या?” तात्यासाहेब म्हणाले, “हा माणूस बदला.”

मॅडम मात्र चांगल्या होत्या. चांगल्या माणसांची हीच खोड, ते समजावून सांगत बसतात. “काशिबा, यापुढे ओलं काही आणायचं नाही. माल उन्हात पसरायचा, कडकडीत वाळवायचा, वाजवून बघायचा आणि मगच आणायचा.”

“वाजवून बघतो, मॅडम.”

मग आली वृक्षारोपणाची मागणी. स्टँडच्या रस्त्याला लावायला रोपं हवी होती, गावच्याच रोपवाटिकेतली, इथल्याच मातीतली. त्या रस्त्यावर दर साली झाडं लावत, आणि दर साली त्याच खड्ड्यांत लावत. आमच्या नगरपरिषदेत पुनर्वापर काय तो एवढाच, पण तो फार जुना आणि निष्ठेनं चाललेला होता.

काशिबानं कडुनिंबाची, करंजाची रोपं आणली, मुळांची माती झटकली आणि पत्र्यावर पसरली. चांगली पापडासारखी झाली तेव्हा एकेक काडी वाजवून बघितली. मग मोळी बांधून मॅडमच्या टेबलावर ठेवली.

“वाजत्यात बगा,” तो म्हणाला, आणि एक मोडून दाखवली.

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या चिडल्या नाहीत, खरोखर रडायच्या बेताला आल्या. त्यांनीच हट्टानं काशिबाचा ठेका टिकवला होता. “काशिबा, आता शेवटची संधी. आणखी एक चूक झाली की ठेका विलासरावांना जाईल, मला थांबवता येणार नाही. नीट ऐक. यापुढे जे आणशील ते खड्ड्यात उभं करायचं. भोवती माती ओढायची, पायानं दाबायची, पाणी घालायचं, कुंपण घालायचं. आणि तपासणीचे साहेब येऊन ‘जिवंत आहे’ असं म्हणेपर्यंत कुणालाही उपटू द्यायचं नाही. मलाही नाही, अध्यक्षांनाही नाही.”

काशिबानं घरी सगळं सगुणेला म्हणून दाखवलं. सगुणा म्हणाली, “ह्यात आता चुकायला जागाच न्हाई.” शहाणी माणसं कधी कधी असं बोलतात.

दोन दिवसांनी गावात धांदल उडाली. हिरव्या खरेदीचं बक्षीस कुठल्या गावाला द्यायचं ते ठरवायला जिल्ह्याहून नाईकनवरे साहेब येणार होते. नगरपरिषदेची जीप तात्यासाहेबांच्या पुतणीच्या लग्नाला गेली होती. मग कुणीतरी म्हणालं, साहेबांना बैलगाडीतून आणू, धूर नाही, फोटोही चांगला येईल.

मॅडमनी घाईघाईत काशिबाला निरोप धाडला, “स्टँडवर मोठे पाहुणे उतरतील. घेऊन ये. खादीचा कोट आहे.”

इकडे मंडपात सगळे वाट बघत होते. हार सुकले. तात्यासाहेबांचं भाषण घामानं भिजलं. बराच वेळ गेला तशा मॅडम उठल्या आणि स्टँडकडे निघाल्या. मागोमाग तात्यासाहेब आणि विलासराव.

रस्त्याच्या कडेला, दर सालच्या खड्ड्यात, नाईकनवरे साहेब मांडीपर्यंत मातीत उभे होते. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं. कोट भिजून अंगाला चिकटला होता. काशिबा झारीनं पाणी घालत होता. साहेब खड्ड्यात उतरले कसे, असं कुणी विचारेल. पण काशिबा म्हणाला होता, “साहेब, हितं हुबं ऱ्हावा,” आणि साहेबांना वाटलं फोटो असेल. फोटो म्हटलं की साहेब लोक कुठेही उभे राहतात.

“काशिबा!” मॅडम ओरडल्या. “काढ त्यांना बाहेर.”

“तुमीच म्हन्ला व्हता, मॅडम. तुमालाबी उपटू द्यायचं न्हाई.”

“मी अध्यक्ष सांगतोय,” तात्यासाहेब म्हणाले.

“तुमाला तर नावानिशी मनाई हाय.” काशिबानं काठी आडवी धरली. “अध्यक्ष, माजा ठेका जाईल. घरात दुसरं काय न्हाई. तपासनीचं सायेब येऊन म्हन्ले की काढतो.”

“अरे गाढवा, तो तपासणीचा साहेब मीच आहे!” खड्ड्यातून आवाज आला.

काशिबा विचारात पडला. “आपली तपासनी आपुनच कशी करनार? तसं फकस्त नगरपरिषदेला करता येतं.”

साहेबांनी मान वळवून रस्त्याकडे बघितलं. टोकापर्यंत खड्डेच खड्डे. प्रत्येकाशेजारी विलासरावांनी पुरवलेली प्लास्टिकची पाटी, ‘झाडे लावा, झाडे जगवा’, वर तात्यासाहेबांचा फोटो. रोप एकाही खड्ड्यात नव्हतं. मांडीपर्यंत गाडलेल्या माणसाला रस्ता फार बारकाईनं दिसतो.

“म्हणा ना, साहेब,” मॅडम हळूच म्हणाल्या. “म्हटल्याशिवाय तो सोडणार नाही.”

साहेबांनी घसा खाकरला आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं, “या रस्त्यावर लावलेल्यांपैकी एकच जिवंत आहे, आणि ते काशिबानं लावलंय.” त्या रस्त्याबद्दल आजवर झालेली तेवढीच खरी तपासणी. बक्षीस गेलं, पाट्यांची चौकशी लागली, आणि त्या गडबडीत काशिबाचा ठेका हिसकावून घ्यायला विलासरावांना तोंडच उरलं नाही.

काशिबानं काठी टाकली, कुंपण बाजूला केलं आणि साहेबांना हळूहळू, मुळं न तोडता बाहेर काढलं. मग आधी खड्ड्याकडे, नंतर तात्यासाहेबांच्या पोटाकडे बघितलं आणि कुदळ उचलली.

“अध्यक्ष, फुडच्या साली तुमचा नंबर. खड्डा आत्ताच रुंद करून ठेवतो.”