धामणीच्या अकरा काती

खूप वर्षांमागची, सापांनाही नटायची हौस होती तेव्हाची गोष्ट. बांधावरच्या वारुळात राहणारी धामण टाकलेली प्रत्येक कात घडी घालून आतच ठेवायची. न जाणो, एखाद्या लग्नकार्यात लागली तर? जागेपायी दिवसभर इकडची कात तिकडे सारायची, तिकडची इकडे. जिवाला म्हणून स्वस्थता नव्हती.

शेजारीण घोरपड एकदा म्हणाली, "अगं, यातली एक तरी आता तुझ्या अंगाला होते का?"

"बारीक झाले की होईल," धामण फणकारली.

एका दुपारी बांधावर मुंगूस दिसलं. धामण सळसळत येऊन वारुळात घुसली, पण निम्मं अंग बाहेरच राहिलं. मुंगूस जवळ येत होतं.

आत अकरा काती ऐसपैस पसरल्या होत्या. बाराव्या धामणीला जागा नव्हती.