ठमाईची फट

ताई, हात मागे घ्या. फुललेल्या कारवीला इथं हात लावत नाहीत. खाली पाटी लावलीय, पण वाचतंय कोण! आता आलाच आहात तर ऐका.

हा कोयतेकडा. दक्षिणेला कारवीचं निळं रान आणि उत्तरेला नुसते काळे दगडी खांब, सहा कोनांचे, कुणी तासून उभे केल्यासारखे. एकाच डोंगराची अशी दोन अंगं का, तर असं सांगतात.

कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि मरते. बी गळाल्यावरच काठ्या तोडायच्या, त्यांचे कूड, म्हणजे घराच्या भिंती, घालून शेणामातीनं लिंपायचे, ही इथली रीत. फार मागं, अशाच एका फुलोऱ्याच्या वर्षी, गावातल्या ठमाईच्या खोपटाचा उत्तरेचा कूड पावसात बसला होता. आत म्हातारी सासू खोकत पडलेली. तरी ठमाईनं कोयता उचलला नाही. थांबायचं म्हणजे थांबायचं.

आणि बाळकोजी पाटलानं काय करावं? दसऱ्याला कोणी सरदार यायचा होता म्हणे. त्याच्या कमानींसाठी उत्तरेचं अख्खं अंग फुलांसकट कापायला लावलं. कापणारे हात गावाचेच, एकाच्याही तोंडातून ‘नाही’ निघालं नाही.

ठमाई धावत गेली. पाटील हसला. “एवढी का पेटलीस? फुलं काय तुझ्या बापाची?”

“बापाची नाहीत पाटील, नातवंडांची आहेत. तुमच्याही.”

“बरं, ने एक मोळी. घाल तुझा कूड.”

ठमाईच्या अंगाचा तिळपापड झाला. मोळीकडे न बघता तिनं कोयता असा हाणला, की म्हणे तो मुठीपर्यंत कातळात शिरला आणि कडा वरपासून खालपर्यंत तडकला. पुढच्या पावसात तिकडची माती वाहून गेली, उरले ते हे खांब. सासू मात्र पाऊस बघायला राहिली नाही. त्याच थंडीत गेली.

दक्षिणेचं अंग ठमाईनं एकटीनं राखलं. सात वर्षांनी सगळ्यांचे कूड कुजले, तेव्हा पाटलासकट गाव तिच्या दारात. कोणत्या तोंडानं आले, देव जाणे. ठमाईनं कारवी दिली. म्हणाली, “उत्तरेच्या कुडाला वीतभर फट ठेवा. पाटला, तू हातभर ठेव. माझ्या सासूला लागला तो वारा तुमच्याही घरात शिरू दे.”

आजही, सिमेंटची घरं झाली तरी, गावात उत्तरेच्या भिंतीला वीतभर फट सोडतात. थंडीत म्हातारी माणसं कण्हतात, शिव्या घालतात, पण बुजवत कुणी नाही. आमच्या घरात ती हातभर आहे. बाळकोजी आमचाच.