निवृत्ती ब्रदरचा निर्जंतुक आयसीयू

एका तालुक्याच्या गावी एक भोळा ब्रदर होता. ब्रदर म्हणजे पुरुष नर्स. नाव निवृत्ती गायखे. भोळा हे तोंडावर म्हणायचं. पाठीमागे लोक दुसरा शब्द वापरत, आणि तोच बरोबर होता.

त्याची नेमणूक चार खाटांच्या आयसीयूत होती. पहिल्या खाटेवर कोंडाजीआप्पा. न्यूमोनियाने बेजार, अंगभर नळ्या. एखाद्या नळीतून जंतू आत गेला तर म्हातारा हाती लागायचा नाही. म्हणून मुख्य नर्स रणपिसे सिस्टर डोळ्यांत तेल घालून असत.

सोमवारी त्यांना आप्पांची लघवीची पिशवी फरशीवर लोळताना दिसली.

"ब्रदर, फरशीवर जंतू असतात. पिशवी वर टांगा."

निवृत्तीने ती सलाइनच्या स्टँडवर टांगली. पार वर. लघवी उलटी आत गेली. दुसऱ्या दिवशी आप्पांना ताप भरला.

"अहो, पिशवी पेशंटच्या खाली हवी."

बुधवारी सलाइनची पिशवी खाटेखाली सापडली. नळी रक्ताने लाल.

"ही खाली कोणी ठेवली?"

"मी. पिशवीच आहे ना ही?"

सिस्टरांनी कपाळाला हात लावला. "यापुढे नळीला शिवण्याआधी हात धुवा. आणि धुतल्यावर दुसऱ्या कशालाही शिवू नका."

गुरुवारी आप्पा खाटेवरून घसरू लागले. निवृत्ती शेजारीच होता, ओले हात वर धरून.

"अरे, धर की मला," आप्पा म्हणाले.

"थांबा आप्पा, हात आत्ताच धुतलेत."

आप्पा थांबले नाहीत. पडले. कपाळाला तीन टाके पडले.

सिस्टर आता अगदी हळू बोलल्या. लहान पोराशी बोलतात तसं. "ब्रदर, पेशंटला धोका दिसला की आधी पेशंटला तिथून हलवायचं. बाकी सगळं नंतर."

"हे सोपं आहे," निवृत्ती म्हणाला.

शुक्रवारी डॉक्टर आप्पांच्या लेकीला सांगत होते, "ताप उतरतोय. पण आयसीयूत जितके दिवस जास्त, तितका संसर्गाचा धोका."

निवृत्तीने एवढाच शब्द उचलला. धोका.

शनिवारी सकाळी जिल्ह्याहून तपासणीचे साहेब आले. फरशी लखलखीत. चारही खाटांवर कोऱ्या चादरी. बाहेर व्हरांड्यात मात्र रणपिसे सिस्टर आणि दोन मावश्या चार ट्रॉल्यांमागे धावत होत्या, एकीवर आप्पा.

साहेबांनी वही उघडली. "या वॉर्डात संसर्ग झालेले किती?"

"शून्य," निवृत्ती छाती फुगवून म्हणाला.

"उत्तम. आणि पेशंट किती?"

"तेही शून्य."